काचबिंदू, दमा आणि एकच कामाचा डोळा: शहापूरकडची एक केस

केस शहापूर तालुक्यातली, किन्हवलीच्या आतल्या बाजूच्या एका गावातली. मी ठाण्यात प्रॅक्टिस करते आणि आठवड्यातून एकदा तिकडच्या एका छोट्या क्लिनिकला जाते, तिथे हे काका आले. वय 66 (आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी, म्हणजे खरं वय देवाला माहीत, आपल्याकडे निम्म्या तालुक्याचा वाढदिवस एकाच दिवशी असतो). थोडी भातशेती, दोन म्हशी, विडी. ऑगस्ट चालू होता, लावणी आटपलेली, आणि तक्रार एवढीच की चष्म्याचा नंबर वाढलाय आणि डाव्या डोळ्यात मोती आलाय तो काढून द्या.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता पण अगदी किरकोळ. नजर गेली होती ती काचबिंदूने. डाव्याने फक्त समोर हात हललेला कळत होता, डोळ्याच्या आतलं प्रेशर 38. उजव्याने 6/9 पर्यंत वाचत होते (6/6 म्हणजे पूर्ण नजर, खालचा आकडा वाढेल तशी नजर कमी), प्रेशर 30. नॉर्मल आपण साधारण 10 ते 21 धरतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस बघितली तर डावी जवळजवळ पूर्ण सुकलेली, उजवीचा कप 0.85 (कप म्हणजे नसेच्या मधला खोलगट भाग, तो 1 च्या जितका जवळ तितकी नस जास्त गेलेली). गोनिओस्कोपी केली, म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन भिंगाने बघितला, तो उघडा होता. ही तपासणी घाईत सोडून देतात लोक, पण कोन बंद निघाला तर सगळी ट्रीटमेंटच बदलते, तिथे आधी लेसरने आयरिसला भोक पाडायचं किंवा लेन्स काढायची असा वेगळा रस्ता असतो, त्यामुळे कॅम्पमध्ये नुसतं प्रेशर मोजून बाटली हातात देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

फील्ड टेस्टसाठी, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं ते मोजायला, काकांना ठाण्याला बोलावलं, ते मशीन आमच्या क्लिनिकमध्ये नाही. उजव्या डोळ्याचा एमडी (फील्ड नॉर्मलपेक्षा सरासरी किती कमी त्याचा आकडा, नॉर्मल शून्याच्या आसपास) आला उणे 14. उणे 12 च्या पलीकडे गेलं की आम्ही ॲडव्हान्स्ड म्हणतो. नजरेचा वरचा अर्धा भाग बराचसा काळा, मधलं मात्र शाबूत, म्हणून तर 6/9 वाचत होते आणि म्हणूनच घरात कुणाला पत्ता नव्हता. सूनबाईंना विचारलं की हे कुठे आपटतात का, तर त्या हसायलाच लागल्या, म्हणे दाराच्या चौकटीला आणि गोठ्याच्या वाशाला रोज डोकं आपटतं, आम्हाला वाटलं वय झालं. वरचं दिसत नसलं की असंच होतं, खालचं गेलं असतं तर बांधावरून पाय घसरला असता.

आता औषधाचं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची, आणि त्यासाठी हातात एकच गोष्ट असते ती म्हणजे प्रेशर कमी करणं, मग ते थेंबांनी करा, लेसरने करा नाहीतर ऑपरेशनने. नस एवढी गेलेली असल्यावर 18-19 वर समाधान मानून चालत नाही, मला उजव्या डोळ्यात 12 ते 14 हवं होतं. म्हणजे 30 वरून निम्म्याच्या खाली.

खेड्यात पहिलं औषध बहुतेक वेळा टिमोलॉल असतं, कारण स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, फ्रिज लागत नाही. मी पण तेच लिहायला घेतलं असतं, पण त्याआधी एक प्रश्न सगळ्यांना विचारते, दम लागतो का. काका म्हणाले "नाय". तोवर सूनबाईंनी पिशवीतून पंप काढून टेबलावर ठेवला. "रात्री हा मारतात की हो मॅडम." दम्याचा पंप. दोन विड्यांच्या मध्ये पंप मारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने "दम लागतो का" याचं उत्तर "नाही" असतं, कारण पंप मारल्यावर लागत नाही ना. टिमोलॉलचा थेंब डोळ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि दमेकऱ्याला जोराचा अटॅक येऊ शकतो, नाडी मंद असणाऱ्यांनाही ते चालत नाही. त्यामुळे प्रश्न "दमा आहे का" असा न विचारता "पंप मारता का, दाखवा" असा विचारावा. दुसरं विचारायचं ते स्टिरॉइडच्या थेंबांबद्दल. डोळे खाजतात म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली बाटली लोक वर्षानुवर्षं टाकत राहतात आणि त्यानेच प्रेशर चढतं. काकांनी तसलं काही टाकलेलं नव्हतं.

टिमोलॉल बाद झाल्यावर उरतं ते महाग आणि किचकट. लॅटानोप्रॉस्ट, रोज रात्री एक थेंब. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, उघडल्यावर 25 डिग्रीच्या आत असेल तर सहा आठवडे. शहापूरला एप्रिल-मे मध्ये 25 डिग्री कुठे मिळणार ते मला कुणी सांगावं. रूम टेंपरेचरला टिकणारी लॅटानोप्रॉस्ट आता मिळते, ट्रॅव्होप्रॉस्ट आणि बिमॅटोप्रॉस्टलाही फ्रिज लागत नाही, पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये त्या दिवशी कुठली असेल ते दुकानदारावर. सोबत डॉर्झोलामाइड लिहिलं, ते झोंबतं आणि दिवसातून तीनदा टाकायचं असतं. थोडक्यात दोन बाटल्या, दिवसाला चार वेळा, कायम.

लिहून देण्याआधी मी समोर थेंब टाकून घेते, साधं डोळे ओले ठेवायचं औषध देऊन. काकांचा पहिला थेंब भुवईवर, दुसरा गालावर, तिसरा डोळ्यात गेला आणि त्यांनी लगेच रुमालाने पुसून टाकला. काकूंना स्वतःलाच मोतीबिंदू, त्यांचा नेम त्याहून वाईट. सूनबाईंनी एका झटक्यात टाकला. मग कागदावर औषधाच्या नावापुढे मी लिहिलं, "टाकणार: सूनबाई". अडीच मिलीच्या बाटलीत साधारण 80 थेंब असतात, दोन्ही डोळ्यांना रोज एकेक म्हणजे हिशोबाने महिना सव्वा महिना जायला हवी, पण गालावर टाकणाऱ्या घरात ती पंधरा दिवसांत संपते आणि मग पैशांमुळे पुढची येत नाही. आणखी एक समज फार पक्का आहे, बाटली संपली म्हणजे कोर्स संपला. तापाच्या गोळ्यांनी लावलेली सवय ती, लोकांना बोलून उपयोग नाही. त्यांना "कायम" हा शब्द पहिल्या दिवशी चारदा ऐकवावा लागतो.

गणपती झाल्यावर आले तेव्हा उजवं प्रेशर 20. औषध काम करत होतं. माझ्या टार्गेटला पोचलं नव्हतं, पण 30 पेक्षा खूपच बरं, आणि भात उभं असताना ते कुठल्याही ऑपरेशनला हो म्हणणार नव्हते हे मला माहीत होतं, त्यामुळे कापणीपर्यंत थेंबांवर काढू असं ठरलं.

दसऱ्यानंतर सूनबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या.

दिवाळीत काका एकटे आले, प्रेशर 28. विचारलं थेंब टाकता का, तर "टाकतो ना". बाटली दाखवा म्हटलं तर ती अर्धी भरलेली, तारीख सप्टेंबरची. मुलगा आसनगावच्या एका कंपनीत शिफ्टवर, रात्री घरी नसतो. म्हणजे औषध फेल गेलेलं नव्हतं, ते टाकणारं माणूस घरात नव्हतं. आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो, कारण यावर आमच्या धंद्यात एक ठरलेलं उत्तर आहे: खेड्यातला पेशंट थेंब टाकत नाही, म्हणून ऑपरेशन करून मोकळं व्हा.

हे "मोकळं व्हा" मला अजिबात पटत नाही. ट्रॅबेक्युलेक्टॉमी म्हणजे मोतीबिंदू नव्हे. केर्न्सने 1968 मध्ये मांडलेलं हे ऑपरेशन अजूनही काचबिंदूचं मुख्य ऑपरेशन आहे, त्यात डोळ्यातलं पाणी बाहेर यायला पांढऱ्या भागात एक झडप करतात आणि वरच्या पातळ पडद्याखाली ते पाणी साठून एक छोटा फुगवटा होतो. मी हे समजावत होते तर काकाच म्हणाले, "म्हंजे खाचरात पाणी तुंबलं का आमी बांध फोडतो, तसाच ना." अगदी तसंच. आणि मग पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला, "पन तो गालानी परत बुजतो." त्यासाठीच ऑपरेशनमध्ये मायटोमायसिन लावतात, जखम भरण्याचा वेग कमी करायला. पण ते लावूनही शरीर ती वाट बुजवायला बघतंच, म्हणून पुढचे सहा ते आठ आठवडे डॉक्टरला डोळा पुन्हा पुन्हा बघावा लागतो, कधी टाका सोडवायचा, कधी वाट बुजू नये म्हणून स्टिरॉइडचे थेंब वाढवायचे, कधी पाणी जास्त वाहतंय म्हणून थांबून बघायचं. दर दोन तासांनी स्टिरॉइडचा थेंब, आठवड्याला तपासणी. जो माणूस रात्री एक थेंब टाकू शकत नाही तो हे कुठून करणार? थेंबांपासून सुटका म्हणून ज्याला ऑपरेशन सुचवतो त्याच्याकडून आपण पहिले दोन महिने थेंबांपेक्षा चौपट कष्ट मागत असतो, हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

फरक एकच आहे, ते दोन महिने संपतात. थेंब संपत नाहीत. त्यामुळे अशा पेशंटसमोर मी वेगळा हिशोब मांडते: या घरात रोज थोडं थोडं, दहा वर्षं, करणारं माणूस आहे का? की दोन महिने सगळं सोडून पेशंटच्या मागे उभं राहणारं माणूस आहे? काकांच्या घरी पहिलं नव्हतं. सूनबाई बाळाला घेऊन परत आल्या असत्या, पण तान्ह्या बाळाच्या आईच्या खांद्यावर चार वेळच्या थेंबांची ड्युटी ठेवून एका डोळ्याचं भवितव्य ठरवायचं हे मला बरोबर वाटत नव्हतं. दुसरं होतं: ठाण्याजवळ दिवा स्टेशनला राहणारा पुतण्या, रिक्षा चालवतो, त्याची बायको घरी असते, आणि तो म्हणाला दोन महिने काका माझ्याकडे.

मध्ये लेसरचाही विषय झाला. ठाण्यातल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, आधी एसएलटी (डोळ्यातल्या पाण्याची वाट सुधारणारं लेसर) करून बघ, जोखीम नाही, आणि मुद्दा बिनबुडाचा नव्हता. 2019 च्या लाइट ट्रायलमध्ये लेसरने सुरुवात केलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनी थेंब लागत नव्हते, आणि मला त्याहून जवळचा वाटणारा अभ्यास टांझानियातला, किलिमांजारोचा, 2021 चा, कारण तिथली परिस्थिती आपल्या तालुक्यासारखी: वर्षाच्या शेवटी लेसरवाल्यांमध्ये 61 टक्के डोळे टार्गेटमध्ये होते आणि टिमोलॉलवाल्यांमध्ये 31 टक्के. काचबिंदू लवकर सापडला आणि गावात थेंबांची बोंब असेल तर मी आज लेसरच आधी सुचवते. पण लेसरने प्रेशर 20-30 टक्के उतरतं. 30 चं 22 झालं असतं. एमडी उणे 14 असलेल्या एकुलत्या एक डोळ्याला 22 परवडत नाही, आणि लेसरचा परिणाम कळायला महिना दीड महिना थांबायचं, तो वेळ माझ्याकडे नव्हता.

ॲडव्हान्स्ड काचबिंदूत सुरुवातीलाच ऑपरेशन करावं का यावर ब्रिटनमध्ये टॅग्स नावाची ट्रायल झाली, 453 पेशंट, 2021 ला छापून आली. दोन वर्षांनी दोन्ही गटांचं जगणं-दिसणं त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार सारखंच, प्रेशर मात्र ऑपरेशनवाल्यांचं सरासरी 12.4 आणि थेंबवाल्यांचं 15.1, आणि ऑपरेशनमुळे जास्त डोळे गेले असंही नाही. हे मी घरच्यांना सांगितलं नाही, त्यांना आकड्यांशी काय घेणं, पण मला स्वतःला धीर यायला ते उपयोगी पडलं, कारण एकाच डोळ्याच्या पेशंटला टेबलवर पाठवायचं म्हटलं की कुणाचीही झोप उडते. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की त्या 453 जणांना तपासणीसाठी पहाटेची एसटी पकडावी लागत नव्हती.

घरच्यांशी बोलणं मात्र लांबलं. काकूंचा मुद्दा साधा होता, "एकच डोला चालूय त्यांचा, त्यालाच ब्लेड लावायचा? आंधल्या डोल्याचा करा ना." सगळीकडे हेच विचारतात आणि विचारणं बरोबरच आहे. डाव्या डोळ्याची नस गेली, तिथे ऑपरेशन करून काही परत येणार नाही, दुखत नसेल तर त्याला विनाकारण हात लावायचा नाही. जोखीम पण लपवली नाही. इन्फेक्शन होऊ शकतं, प्रेशर फार खाली जाऊ शकतं, आणि फील्ड एवढं गेलेलं असलं की क्वचित ऑपरेशननंतर उरलेली मधली नजरही जाते. काहीच केलं नाही तर मात्र ती जाणारच आहे, फक्त हळू. हे वाक्य बोलताना मी मुलाकडे बघत होते, काकांकडे बघवलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ एका गोष्टीवर घालवला, ऑपरेशननंतर जास्त दिसणार नाही. गावात शेजारच्या आजीची मोतीबिंदूची पट्टी दुसऱ्या दिवशी सुटली आणि तिला नातवाच्या शर्टावरची अक्षरं दिसायला लागली, तर काकांनाही तेच हवं. इथे उलटं होतं, काही आठवडे आधीपेक्षा धूसर दिसतं आणि पुढे मोतीबिंदूही जरा लवकर पिकतो. हे तीन वेळा सांगितलं आणि मुलाकडून परत वदवून घेतलं.

तारखेवरून घासाघीस झाली. काकांना शिमगा झाल्यावर हवं होतं, मला लगेच. झोडणी उरकली की, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, यावर दोघं थांबलो. तोवर शेजारच्या घरातली नववीतली मुलगी रोज रात्री लॅटानोप्रॉस्टचा थेंब टाकून जायची, तिला मी फोनवर शिकवलं, सूनबाईंइतकीच पक्की निघाली. दिवसाचं डॉर्झोलामाइड जमेल तसं. ऑपरेशनच्या आठवड्यात प्रेशर 22 होतं.

ऑपरेशन एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये केलं. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, हे फार जणांना माहीत नसतं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आधीच काढून ठेवलं तर ऐनवेळी धावपळ होत नाही. वयामुळे एसटी अर्ध्या तिकिटात, काकूंनाही अर्ध्या तिकिटात, पण आसनगावहून कसारा लोकलच्या गर्दीत ताज्या ऑपरेशनचा डोळा घेऊन चढायचं हा विचारच नको, म्हणून तर दिव्याला पुतण्याकडे.

दुसऱ्या दिवशी प्रेशर 8, छान. दहाव्या दिवशी 23. बांध बुजायला लागला होता. एक टाका सोडवला, खाली 12 आलं. या एका तपासणीसाठी मी एवढा आटापिटा केला होता. काका गावी असते तर "बरं वाटतंय, पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणत तो आठवडा गेला असता, वाट बुजली असती आणि आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलं असतं की खेड्यात ऑपरेशन यशस्वी होत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात काका चिडले. दिसायचं 6/24. "मॅडम, आधीच बरा होता." त्यांना तीन वेळा सांगितलेलं, कबूल पण केलेलं, तरी चिडायचा हक्क आहेच. पुतण्याच्या बायकोनेच त्यांना गप्प केलं, म्हणाली मामंजी, मॅडमनी आधीच सांगितलेलं की. तीन महिन्यांनी 6/12 वर स्थिरावलं, प्रेशर 13, उजव्या डोळ्यात एकही थेंब नाही. दिव्याहून निघायच्या आधी स्टिरॉइडची उरलेली बाटली मी मागून घेतली. ती घरात राहिली असती तर पुढच्या वेळी कुणाचे डोळे आले की त्यांच्याच डोळ्यात गेली असती.

गावी जाताना अटी वेगळ्या घातल्या. फेब्रुवारीनंतर राब भाजायला जायचं नाही, धूर आणि राख. पावसात लावणीच्या चिखलाचा हात डोळ्याला लावायचा नाही, खरं तर लावणीला जाऊच नये असं सांगितलं होतं पण गेलेच, चष्मा लावून गेले एवढं ऐकलं. आणि घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवलंय: डोळा लाल झाला, पू आला, दुखला, तर त्याच दिवशी यायचं, बाजाराच्या दिवसाची वाट बघायची नाही. फुगवट्याचं इन्फेक्शन पाच वर्षांनीही होऊ शकतं, ही जोखीम ऑपरेशनसोबत आयुष्यभराची घरी येते.

सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो म्हणून धाकट्या भावाला बोलावलं होतं. प्रेशर 26, नसेत सुरुवातीचा बदल, फील्ड जवळपास नॉर्मल. दमा नाही, नाडी चांगली, बायको खणखणीत, थेंब अचूक टाकते. त्यांना टिमोलॉलवर ठेवलंय, प्रेशर 18 आहे, आणि ऑपरेशनचं नाव पण काढलेलं नाही. तेच म्हणतात दादाचं केलं तसं माझंही करून टाका, थेंबाची कटकट नको. त्यांना एसएलटीसाठी ठाण्याला बोलावलंय, भात निघालं की येतो म्हणालेत. काकांचा उजवा मोतीबिंदू हळूहळू वाढतोय, पण आत्ता काढला तर फुगवटा बंद पडायची भीती असते, त्यामुळे 6/18 च्या खाली जाईपर्यंत त्याला हात लावणार नाही असं सध्या ठरवलंय.